किल्लीची किल्ली

शाळेच्या कार्यालयातला संगणक जुना झाला, फार मंद चालू लागला, म्हणून तो भंगारात द्यायचे ठरले. त्यात विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, पालकांचे पत्ते, बँक खात्यांचे क्रमांक, शिक्षकांच्या पगाराचे तक्ते असे सारे आहे. देण्यापूर्वी कोणीतरी आठवणीने सगळ्या फाइली ‘डिलीट’ करतो. आता त्या डिस्कवर काय उरले?

जवळजवळ सगळे उरले. फाइल डिलीट करणे म्हणजे ग्रंथालयातल्या सूचीतून एका पुस्तकाचे कार्ड काढून टाकणे. पुस्तक कपाटात जिथल्या तिथे असते. फक्त ती जागा आता दुसऱ्या पुस्तकाला द्यायला हरकत नाही, अशी नोंद होते. दुसरे पुस्तक तिथे येईपर्यंत कपाट उघडून पाहणाऱ्याला पहिले पुस्तक वाचता येते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या डिस्क बाजारातून विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ वाचता आल्या, आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांवर पत्रे होती, वैद्यकीय माहिती होती, पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. एक डिस्क तर पैसे देणाऱ्या एटीएम यंत्रातून आलेली दिसत होती. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहून काढणे हा एक उपाय आहे. पण बंद पडलेल्या डिस्कवर शून्ये कशी लिहिणार? आणि चोरीला गेलेल्या लॅपटॉपवर? शिवाय हल्लीच्या सॉलिड स्टेट डिस्क आणि पेनड्राइव्ह आपल्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून लिहिण्याची जागा आतल्या आत बदलत असतात. आपण ‘त्याच’ जागी शून्य लिहायला सांगितले, तरी ते दुसरीकडेच लिहिले जाण्याचा संभव असतो. तेव्हा माहिती नंतर पुसत बसण्यापेक्षा ती पहिल्या दिवसापासून कूटबद्ध करूनच डिस्कवर लिहावी, हा मार्ग अधिक भरवशाचा ठरतो. इंग्रजीत याला डिस्क एन्क्रिप्शन म्हणतात. डिस्कचा एक सलग भाग घ्यायचा (त्याला आपण खंड म्हणू) आणि त्यात जाणारा प्रत्येक अक्षरांश जाताना बदलायचा, बाहेर येताना पूर्ववत करायचा. वापरणाऱ्याला काही जाणवत नाही. पण डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर दिसतात ती निरर्थक अक्षरे.

हे बदलण्याचे काम बहुधा एईएस या पद्धतीने होते. योआन डेमन आणि व्हिन्सेंट राइमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी ती तयार केली आणि २००१ मध्ये अमेरिकेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. एका वेळी १६ बाइटचा गट घेऊन, किल्लीच्या साहाय्याने त्याची अनेक फेऱ्यांत घुसळण करायची, असे तिचे स्वरूप आहे. डिस्कसाठी त्यात आणखी एक काळजी घेतात. तोच मजकूर दोन ठिकाणी असला, तर दोन्हीकडे तेच कूट दिसता कामा नये. नाहीतर पाहणाऱ्याला नुसत्या पुनरावृत्तीवरूनच पुष्कळ कळते. म्हणून मजकूर डिस्कवर कुठे आहे त्या जागेचा क्रमांकही घुसळणीत मिसळतात.

किल्ली म्हणजे एक मोठी संख्या. सर्वांत लहान एईएस किल्ली १२८ बिटांची असते. अशा किल्ल्या किती? २ चा १२८ वा घात, म्हणजे सुमारे ३.४ गुणिले १० चा ३८ वा घात. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहणारे यंत्र मिळाले, तरी सगळ्या संपायला एकावर १९ शून्ये इतकी वर्षे लागतील. हा गुणाकार-भागाकार आठवी-नववीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावा. घातांकांचे नियम त्यात आपोआप घोटले जातात. २५६ बिटांची किल्ली घेतली, तर तिच्या किल्ल्यांची संख्या ७८ अंकी होते.

कुलूप भक्कम आहे, यात शंका नाही. खरा प्रश्न किल्ली ठेवायची कुठे, हा आहे, आणि त्याविषयी मात्र फारच थोडे लिहिले जाते.

पासवर्ड म्हणजे किल्ली नव्हे

७८ अंकी संख्या पाठ करणारा माणूस विरळा. आपण पासवर्ड लक्षात ठेवतो. त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत असते, की पासवर्ड हीच डिस्कची किल्ली. ती बरोबर नाही. तशी व्यवस्था असती तर काय झाले असते ते पाहा. पासवर्ड बदलायचा म्हटले, की सगळी डिस्क जुन्या किल्लीने उलगडून नव्या किल्लीने पुन्हा लिहावी लागली असती. सेकंदाला १५ कोटी बाइट वाचणारी एक टेराबाइटची डिस्क नुसती वाचायलाच जवळजवळ दोन तास घेते. आणि चार माणसांनी तीच डिस्क वापरायची असेल, तर चौघांना एकच पासवर्ड सांगावा लागला असता. चौघांत फिरणारा पासवर्ड कागदावर लिहून संगणकाला चिकटवला जातो, हे कोणत्याही कार्यालयात जाऊन पाहावे.

म्हणून दोन मजली व्यवस्था करतात. लिनक्स प्रणालीत यासाठी ‘लक्स’ नावाची प्रमाण मांडणी आहे. (साबणाशी तिचा काही संबंध नाही.) क्लेमेन्स फ्रुहविर्त यांनी ती या शतकाच्या पहिल्या दशकात रचली. डिस्क प्रथम तयार करताना संगणक स्वतःच एक यादृच्छिक संख्या निवडतो. ती खरी किल्ली. तिला मुख्य किल्ली म्हणू. डिस्कवरचा सगळा मजकूर तिनेच बदलला जातो आणि ती माणसाला कधी दाखवलीच जात नाही. मग या मुख्य किल्लीची एक प्रत आपल्या पासवर्डने कूटबद्ध करून डिस्कच्याच सुरुवातीच्या भागात ठेवतात. या भागाला हेडर म्हणतात. हेडरमध्ये अनेक खण असतात: लक्सच्या पहिल्या आवृत्तीत ८, दुसरीत ३२ पर्यंत. प्रत्येक खणात तीच मुख्य किल्ली, पण वेगवेगळ्या पासवर्डने बंद केलेली. मुख्याध्यापकांचा एक खण, लिपिकांचा एक. पासवर्ड बदलायचा तर फक्त तो खण बदलायचा. टेराबाइटभर मजकुराला हात लावावा लागत नाही. एखादा माणूस बदलून गेला, की त्याचा खण पुसायचा. विंडोजमधील बिटलॉकरची रचना तपशिलात वेगळी असली, तरी किल्लीला किल्ली लावण्याची कल्पना तीच आहे. तिथे मजले दोनाऐवजी तीन आहेत, एवढेच.

पण आता दुबळा दुवा पासवर्ड झाला. सहा लहान इंग्रजी अक्षरांचा पासवर्ड घेतला, तर २६ चा सहावा घात, म्हणजे ३० कोटी ८९ लाख १५ हजार ७७६ शक्यता. सेकंदाला १०० कोटी शक्यता तपासणारे यंत्र त्या अर्ध्या सेकंदाच्या आत संपवील. यावर योजलेला उपाय मोठा मजेदार आहे: मुद्दाम हळू काम करायचे. पासवर्डपासून खणाची किल्ली तयार करताना इतकी आकडेमोड करायला लावायची, की एका प्रयत्नाला सुमारे दोन सेकंद लागावेत. मालकाला दिवसातून एकदा दोन सेकंद थांबणे जड नाही. चोराला मात्र त्याच ३० कोटी शक्यतांसाठी तशाच एका संगणकावर साडेएकोणीस वर्षे लागतील. चोराने हजार प्रयत्न एकदम चालवू नयेत म्हणून आणखी एक अट घालतात: प्रत्येक प्रयत्नाला भरपूर स्मृतीही लागली पाहिजे. २०१५ मध्ये संपलेल्या एका खुल्या स्पर्धेत पहिली आलेली अर्गॉन-२ ही पद्धत यासाठी वापरतात. एका प्रयत्नाला एक गिगाबाइट स्मृती लागत असेल, तर हजार प्रयत्न एकाच वेळी चालवायला हजार गिगाबाइट हवेत.

मात्र या संथपणालाही मर्यादा आहे. पासवर्ड म्हणजे मुलाचे नाव आणि जन्मसाल असे धरा. प्रचलित नावे दहा हजार, साले शंभर. मिळून दहा लाख शक्यता. प्रत्येकी दोन सेकंद, म्हणजे तेवीस दिवस. चोराला एवढा धीर असतो.

पुसण्याची अडचण

खण पुसायचा, असे वर सहज लिहिले. पण लेखाच्या सुरुवातीलाच आपण पाहिले, की डिस्कवरचे पुसले जाईलच याची खात्री नसते. खणाची जुनी प्रत कुठेतरी शिल्लक राहिली, तर बदलून गेलेल्या माणसाचा पासवर्ड तिला लागू पडेल. लक्सच्या रचनेत यावर एक युक्ती आहे, आणि ती वर्गात खेळून दाखवता येते.

गुप्त गोष्ट एकच अंक आहे असे समजू, ० किंवा १. चार मुलांना चिठ्ठ्या द्या. पहिल्या तिघांनी नाणे उडवून छापा आला तर १, काटा आला तर ० लिहायचे. चौथ्याने मात्र असा अंक लिहायचा, की चौघांच्या चिठ्ठ्यांतील एकांची संख्या गुप्त अंक १ असेल तर विषम यावी, ० असेल तर सम यावी. चारही चिठ्ठ्या एकत्र केल्या, की गुप्त अंक लगेच कळतो. आता कोणतीही एक चिठ्ठी फाडून टाका. उरलेल्या तीन चिठ्ठ्यांवरून काय कळते? काहीही नाही. फाटलेल्या चिठ्ठीवर ० असेल तर उत्तर एक येते, १ असेल तर दुसरे, आणि दोन्ही शक्यता सारख्याच.

लक्समध्ये चारऐवजी ४००० चिठ्ठ्या करतात. त्यातली घुसळण आपल्या खेळापेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे, पण तत्त्व हेच. ६४ बाइटची मुख्य किल्ली अशी फुगून २ लाख ५६ हजार बाइटची होते. ५१२ बाइटचे एक घर धरले तर ५०० घरे. पुसताना यांतली ४९९ घरे कशीबशी वाचली आणि एकच खरोखर पुसले गेले, तरी किल्ली गेली. सामान्यतः आपण माहिती टिकावी म्हणून धडपडतो; इथे ती नाजूक व्हावी म्हणून एवढा खटाटोप केला आहे.

या नाजूकपणाची दुसरी बाजू लगेच ध्यानात येईल. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत हेडरसाठी सर्वसाधारणपणे १६ मेगाबाइट राखलेले असतात. तेवढा भाग नष्ट झाला, की टेराबाइटभर मजकूर कायमचा गेला. पासवर्ड तोंडपाठ असून उपयोग नाही, कारण पासवर्ड ज्या खणाला लागतो तो खणच नाही. संगणक भंगारात द्यायचा असेल तर हे वरदान आहे. सगळी डिस्क पुसत बसण्याऐवजी एवढाच भाग पुसला की झाले. पण चुकून पुसला गेला तर ते संकट. म्हणून हेडरची प्रत काढून दुसरीकडे ठेवावी, असे सांगतात. ते योग्यच आहे, पण त्यातही एक खाच आहे. जानेवारीत प्रत काढली, मार्चमध्ये एकाचा खण रद्द केला. जानेवारीची प्रत परत बसवली, तर रद्द केलेला पासवर्ड पुन्हा चालू लागतो! म्हणजे हेडरची प्रत हीसुद्धा एक किल्लीच झाली, आणि तीही सांभाळायची.

शंभर संगणक

एका संगणकाचे हे सारे हाताने करता येते. महाविद्यालयात, रुग्णालयात किंवा संशोधनसंस्थेत शेकडो यंत्रे असतात. प्रत्येकीवर खंड तयार करणे, खण भरणे, वर्षातून एकदा पासवर्ड बदलणे, हेडरच्या प्रती काढणे हे हाताने करू गेल्यास कुठेतरी चूक होणार. म्हणून हे काम स्वयंचलित साधनांकडे सोपवतात. अ‍ॅन्सिबल हे त्यांपैकी खूप वापरले जाणारे साधन. मायकेल डीहान यांनी ते २०१२ मध्ये लोकांपुढे आणले. ते एका मध्यवर्ती संगणकावरून बाकीच्या यंत्रांशी बोलते आणि त्यांची मांडणी करते.

अशा साधनाला सूचना देण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. आपण शिपायाला सांगतो, “दिव्याचे बटण दाबा.” दिवा आधीच लागलेला असेल, तर बटण दाबल्यावर तो विझेल. त्याऐवजी “दिवा लागलेला असू द्या,” असे सांगितले, तर शिपाई आधी पाहील आणि गरज असेल तरच बटण दाबील. अशी सूचना एकदा दिली काय आणि दहा वेळा दिली काय, परिणाम तोच. गणितात असे उदाहरण हवे असेल तर केवलमूल्य घ्या: उणे ५ चे केवलमूल्य ५, त्याचे पुन्हा केवलमूल्य घेतले तरी ५ च. वर्ग करण्याचे तसे नाही. प्रत्येक वेळी उत्तर बदलते.

डिस्कच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. “कूटबद्ध खंड तयार करा,” ही आज्ञा दुसऱ्यांदा पाळली गेली, तर संगणक नवी यादृच्छिक मुख्य किल्ली निवडील, नवे हेडर जुन्यावर लिहील, आणि पहिल्या दिवसापासूनचा मजकूर गेला म्हणून समजा. म्हणून अ‍ॅन्सिबलचे लक्ससाठीचे उपांग “खंड असलेला असावा,” अशी सूचना घेते. त्या जागी लक्सचे हेडर आधीच असेल, तर ते नव्याने तयार करत नाही. हे ठीक झाले. पण हेडर नसेल तर? मग ते तयार करते, आणि तिथे साधा, कूटबद्ध न केलेला मजकूर असेल तर तो त्याखाली गाडला जातो. लिनक्समध्ये डिस्कना सापडतील त्या क्रमाने नावे मिळतात: पहिली ‘अ’, दुसरी ‘ब’. संगणक पुन्हा सुरू केल्यावर हा क्रम बदलू शकतो. काल ‘ब’ ही रिकामी डिस्क होती. आज ‘ब’ वर विद्यार्थ्यांचे निकाल आहेत. माणूस ही चूक एका यंत्रावर करून थांबतो. साधन ती शंभर यंत्रांवर एकाच मिनिटात करते. म्हणूनच सूचनेत डिस्कचे चालू नाव न देता तिचा न बदलणारा ओळखक्रमांक देण्याची शिस्त पाळावी लागते, आणि नवी सूचना आधी एका यंत्रावर, मग पाचांवर, मग बाकीच्यांवर चालवावी लागते. माझ्या मते ही शिस्त साधनापेक्षाही महत्त्वाची आहे.

पासवर्ड बदलण्याचा क्रमही असाच जपावा लागतो. आधी नवा खण भरायचा, नव्या पासवर्डने खंड उघडतो याची खात्री करायची, मगच जुना खण काढायचा. उलट क्रमाने गेलो आणि मधेच वीज गेली, तर शेवटचा खणही गेलेला असेल. अ‍ॅन्सिबल शेवटचा खण काढायला आपण होऊन नकार देते. त्यासाठी वेगळी, स्पष्ट परवानगी द्यावी लागते.

आता मुख्य अडचण. शंभर यंत्रांचे पासवर्ड या साधनाला माहीत असायला हवेत. मग ते कुठे लिहिलेले असतात? सूचनांच्या फाइलीतच लिहिले, तर ती फाइल वाचणाऱ्या प्रत्येकाला सगळ्या डिस्क उघड्या. त्यातून या फाइली गिटसारख्या प्रणालीत ठेवतात, आणि ती प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवते. आज चूक लक्षात येऊन पासवर्ड खोडला, तरी कालच्या आवृत्तीत तो असतोच. तेव्हा पासवर्डची फाइलही कूटबद्ध करायची. अ‍ॅन्सिबलमध्ये तशी सोय आहे. पण त्या कूटालाही किल्ली आली! डिस्कची किल्ली खणात, खणाची किल्ली फाइलीत, फाइलीची किल्ली आणखी कुठे. प्रत्येक पायरीला जपायची गोष्ट लहान होत जाते, एवढा फायदा खरा: टेराबाइटचे ६४ बाइट झाले, शंभर पासवर्डांचा एक झाला. पण साखळी कुठेतरी संपली पाहिजे. ती संपवण्याच्या दोन सुंदर रीती पाहू.

रात्री तीन वाजता

रात्री तीनला वीज गेली आणि सव्वातीनला आली. यंत्रे पुन्हा सुरू झाली आणि पासवर्डची वाट पाहत थांबली. पहाटे रुग्णालयाला नोंदी हव्यात, पासवर्ड माहीत असलेला माणूस घरी झोपलेला. पासवर्ड त्याच यंत्रात उघडा लिहून ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या कुंडीखाली ठेवणे. यंत्रातल्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये तो ठेवता येतो. यंत्राची सुरुवातीची आज्ञावली कोणी बदललेली नाही, अशी खूण पटली तरच ती चिप किल्ली देते. पण चोराने डिस्क न काढता सगळे यंत्रच उचलून नेले, तर चिपही सोबत गेली.

मग असे करता येईल का, की यंत्र त्या इमारतीच्या जाळ्यात असेल तरच उघडावे? इमारतीत एक मदतनीस संगणक ठेवायचा. यंत्र सुरू होताना त्याच्याकडून किल्ली मागायची. पण मग सगळ्यांच्या किल्ल्या मदतनिसाकडे साठतात, आणि वाटेत चोरून ऐकणाऱ्यालाही मिळतात. नथॅनिएल मॅकॅलम आणि रॉबर्ट रेल्यी यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत यातून वाट काढते. ‘टँग’ नावाचा मदतनीस तीच वापरतो, आणि त्याला एकही किल्ली माहीत नसते. मौज अशी, की तिचे मर्म सातवीच्या बीजगणितात आहे: कंसाबाहेरची संख्या कंसातल्या प्रत्येक पदाला गुणते.

असा एक गुणाकार कल्पा, की जो करणे सोपे, पण उलटा भागाकार करणे कोणालाही जमत नाही. एलिप्टिक कर्व्ह नावाच्या वक्रांवरील बिंदूंसाठी तो खरोखर आहे; आपण समजण्यापुरत्या साध्या संख्या घेऊ. सर्वांना ठाऊक असलेली संख्या १०. मदतनिसाचे गुपित ७. तो ७ गुणिले १०, म्हणजे ७०, जाहीर करतो. भागाकार जमत नाही असे ठरले आहे, म्हणून ७० वरून ७ कोणाला कळत नाही. आपले यंत्र स्वतःसाठी ४ ही संख्या निवडते. ४ गुणिले ७०, म्हणजे २८०, ही किल्ली. तिने एक खण बंद करते आणि ४ व २८० दोन्ही विसरून जाते. डिस्कवर फक्त ४ गुणिले १० बरोबर ४० लिहून ठेवते.

पहाटे किल्ली परत हवी. ४० ला मदतनिसाच्या ७ ने गुणले की २८० येतील. पण ४० तसेच पाठवले, तर उत्तर मदतनिसालाही कळेल. म्हणून यंत्र त्या दिवसापुरती एक संख्या घेते, समजा ९. तिचे ९ गुणिले १० म्हणजे ९० होतात. ते ४० मध्ये मिळवून १३० पाठवते. मदतनीस १३० ला ७ ने गुणून ९१० परत करतो. यंत्राला ७० माहीत आहे आणि ९ ही माहीत आहे. ९ गुणिले ७० म्हणजे ६३० ते वजा करते. राहिले २८०. मदतनिसाने पाहिले फक्त १३० आणि ९१०, आणि उद्या ९ च्या जागी दुसरी संख्या असल्याने आकडे निराळेच दिसतील. यंत्र इमारतीबाहेर गेले की ७ ने गुणणारा कोणी नाही, आणि ४० वरून किल्ली काढता येत नाही. अर्थात मदतनीस बंद पडेल त्या दिवसासाठी माणसाच्या पासवर्डचा एक खण ठेवावाच लागतो.

त्या शेवटच्या पासवर्डचे काय? एकट्याकडे द्यावा तर तो माणूस आजारी पडतो, बदलून जातो. पाच जणांना द्यावा तर फुटण्याच्या वाटा पाच. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, पण त्यातली एक हरवली की अडलेच. अदी शमिर या इस्राएली गणितज्ञाने १९७९ मध्ये यावर जे सुचवले, ते आलेखाच्या कागदावर काढून दाखवता येते. गुपित ५ आहे असे समजू. य बरोबर ५ अधिक ३ क्ष ही रेषा काढा. ती य-अक्षाला ५ वर छेदते. रेषेवरचे तीन बिंदू घ्या: (१, ८), (२, ११), (३, १४). मुख्याध्यापक, लिपिक आणि शाळा समितीचे अध्यक्ष यांना एकेक बिंदू द्या. कोणतेही दोघे एकत्र आले, की दोन बिंदूंतून एकच रेषा जाते आणि ५ सापडतो. एकट्याकडे एकच बिंदू; त्यातून कितीही रेषा जातात आणि त्या अक्षाला कुठेही छेदतात. दोनाऐवजी तिघे हवे असतील तर रेषेऐवजी अन्वस्त घ्यायचा. प्रत्यक्षात घड्याळी अंकगणित वापरतात, म्हणजे एका बिंदूवरून अंदाजसुद्धा बांधता येत नाही. हॅशिकॉर्प कंपनीचे व्हॉल्ट हे किल्ल्या सांभाळणारे साधन सुरू करताना एरवी पाच हिस्से देते, त्यांपैकी कोणतेही तीन लागतात. असा हिस्सा छापून पाकिटात सील करून ठेवता येतो. प्रश्नपत्रिका जपण्याचा अनुभव असलेल्यांना हे सांगायला नकोच.

या सगळ्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. डिस्क कूटबद्ध असली, तरी संगणक चालू असताना मुख्य किल्ली त्याच्या स्मृतीत उघडी असते. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, की वीज बंद केल्यावरही स्मृतीतील मजकूर लगेच नाहीसा होत नाही, आणि धूळ उडवण्याच्या हवेचा डबा उलटा धरून फवारा मारला, चिप थंड केली, तर तो मिनिटेन् मिनिटे टिकतो. त्यातून किल्ली काढता येते. लॅपटॉप नुसता झाकण लावून नेण्यापेक्षा बंद करून न्यावा, तो यासाठी. तसेच खण रद्द केला तरी मुख्य किल्ली बदलत नाही. जाणाऱ्याने ती आधीच उतरवून घेतली असल्याचा संशय असेल, तर सगळी डिस्क नव्या किल्लीने पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नसते.

विंडोज वापरणाऱ्या शिक्षकांनी एक गोष्ट आजच पाहावी. अलीकडच्या अनेक संगणकांवर डिस्क कूटबद्ध करणे आपोआप चालू होते, मालकाला पत्ताही नसतो. मदरबोर्ड बदलला की संगणक ४८ अंकी पुनःप्राप्ती किल्ली मागतो. ती बहुधा संगणक प्रथम सुरू करताना ज्याचे मायक्रोसॉफ्ट खाते वापरले, त्याच्या खात्यात असते. शाळेच्या संगणकावर हे खाते कोणाचे आहे? संगणक बसवून देणाऱ्या दुकानदाराचे तर नाही?

लिनक्सचा संगणक हाताशी असेल, तर वरच्या मुलांबरोबर एक प्रयोग करता येईल. खरी डिस्क मुळीच वापरू नये; ६४ मेगाबाइटची एक रिकामी फाइल पुरते. क्रिप्टसेटअप या आज्ञेने तिचा लक्स खंड करा, एक पासवर्ड द्या, आत एखादी कविता ठेवा, खंड बंद करा. हेडरची प्रत काढून वेगळी ठेवा. मग पासवर्ड बदला. जुना चालत नाही, नवा चालतो हे पाहा. आता फाइलीच्या पहिल्या १६ मेगाबाइटवर शून्ये लिहा. कविता उरलेल्या ४८ मेगाबाइटमध्ये जशीच्या तशी आहे, पण कोणताही पासवर्ड तिच्यापर्यंत पोचत नाही. शेवटी जपून ठेवलेली हेडरची प्रत परत बसवा, आणि खंड आता दोनांपैकी कोणत्या पासवर्डने उघडेल, ते आधी मुलांना विचारून मग उघडून पाहा.